जास्त आहे

"सगळ्या प्रश्नांना नाही म्हण," हे म्हणाले. "एकालाही हो म्हणू नकोस. तुला सवय आहे, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून हो म्हणायची."

"वाचू तर द्या मला आधी."

"वाच की. मोठ्याने वाच, माझीही जरा करमणूक."

मी ह्यांच्या इस्पितळातल्या खाटेच्या कडेवर टेकले होते. रुग्णाच्या जेवणाचं ते चाकांचं टेबल पुढे ओढून शपथविधीच्या पत्राची मागची बाजू भरत होते. नागरिकत्वाची मुलाखत आधीच झाली होती. त्या दिवसापासून आजपर्यंत काय काय घडलं, एवढंच त्यावर सांगायचं होतं. देशाबाहेर गेलात का? अटक झाली का? कम्युनिस्ट पक्षात शिरलात का?

"शिरली असतीस तर मला बरं वाटलं असतं," हे म्हणाले. "चार माणसांत उठबस तरी झाली असती."

पहिल्या प्रश्नापाशी मात्र माझं पेन अडलं. लग्न, घटस्फोट, विभक्त राहणं, वैधव्य, यांपैकी काही झालं का?

"नाही," हे म्हणाले. "अजून नाही. लिही."

"अभद्र बोलू नका हो सकाळी सकाळी!"

"मी कुठे बोलतोय? सरकारच विचारतंय." आणि हसता हसता ह्यांना धाप लागली. मी उठून पाठीवरून हात फिरवत राहिले. हृदय निम्म्यानेही काम करत नव्हतं ह्यांचं. नुसतं हसणंसुद्धा झेपत नव्हतं, पण हसायचं सोडतील तर शपथ.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पिट्सबर्गमधली गोष्ट. मी मूळची राजापूरची कुंदा शेट्ये. चाळिशी उलटेपर्यंत माझं लग्न जमलं नव्हतं आणि जमेल असं कुणाला वाटतही नव्हतं. पोस्टात हंगामी कामं करायची आणि घरी येऊन आईअण्णांचं करायचं, एवढंच चाललं होतं. मग कुणाच्या तरी ओळखीतून अरविंद रेडीज यांचं स्थळ आलं. विधुर, अमेरिकेत आयुष्य गेलेलं, एका छापखान्यात यंत्रं दुरुस्त करणारे. गाव म्हणाला, या वयात कुंदाने लॉटरी मारली. मारली खरी. असा माणूस मला पंचविशीत मिळाला असता तर मी उतले असते, असं मला पुष्कळदा वाटायचं.

ह्यांची पहिल्या बायकोची मुलगी केतकी. तिकडेच जन्मलेली, शाळेत शिकवायची. सावत्र आई म्हणून ती मला तोडून टाकेल या भीतीने मी आले होते. पण पोरगी सोन्यासारखी. मला ‘कुंदामावशी’ म्हणायची, माझ्याशी हट्टाने मराठीच बोलायची, चुकली की मला विचारून घ्यायची. माझ्या तोंडून एकदा ऐकलेला शब्द कधी विसरायची नाही.

आता नागरिकत्वाची घाई मला का होती, ते सांगते. मला ना मतदानाची हौस, ना निळ्या पासपोर्टची. मला माझी आई आणायची होती.

लग्न करून मी इकडे आले त्याच हिवाळ्यात अण्णा गेले. चुलतभावाचा, प्रभाकरचा फोन आला होता. म्हणाला, "कुंदा, अण्णांना जास्त आहे. निघता येईल का बघ." मी स्वयंपाकघरात होते ती तिथेच फरशीवर बसले. आमच्याकडे परगावच्या माणसाला ‘गेले’ म्हणून कुणी सांगत नाही. वाटेत त्याचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून ‘जास्त आहे’ म्हणतात, आणि ऐकणारा समजून घेतो. जिवंत माणसाला कुणी जास्त आहे म्हणत नाही. त्याला ‘बरं नाही’ म्हणतात, ‘अंथरुणाला खिळलाय’ म्हणतात. जास्त आहे म्हणजे संपलं.

अण्णांच्या मागे घर प्रभाकरचं झालं, आणि आई पडवीत आली. चूल वेगळी, गडू वेगळा, न्हाणीघराला जायचं तर मागच्या दाराने. मारत नव्हते, उपाशी ठेवत नव्हते, पण येताजाता तिला ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचे. एकदा तिला ताप होता, तर दोन दिवस पडवीचं दार कुणी लोटून पाहिलं नाही. हे तिने मला सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं. मी रडून गोंधळ घातला, म्हटलं, मी येते परत. तर फोनवर आई कडाडली, "तू येऊन काय करशील? दोघी पडवीत मरू. त्यापेक्षा मला ने."

हिरव्या कार्डावर आईला बोलावता येत नाही. नागरिकाला येतं. साध्या माणसाला नागरिक व्हायला हिरवं कार्ड मिळाल्यावर पाच वर्षं लागतात. नवरा नागरिक असेल, आणि त्याच्यासोबत संसार चालू असेल, तर तीन. माझी तीन भरली होती. मुलाखतीतली बाई सगळं बरोबर आहे म्हणाली आणि शेवटी बजावून म्हणाली, "शपथ होईपर्यंत हे लग्न टिकलेलं हवं. तोवर घटस्फोट झाला, किंवा नवरा वारला, तर हा अर्ज चालत नाही. मग पाच वर्षांची वाट."

बाहेर पडल्यावर हे म्हणाले होते, "ऐकलंस? तुझी शपथ होईपर्यंत मला मरायची परवानगी नाही. सरकारी हुकूम आहे." तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. पुढच्याच महिन्यात ह्यांच्या पायांना सूज चढायला लागली, आणि शपथेचं पत्र आलं तेव्हा हे इस्पितळात होते.

"झालं भरून?" ह्यांनी विचारलं.

"झालं. सगळी नाही."

"शाब्बास. आता तो करंडा काढ."

"टिकली लावलीय की मी."

"टिकली नको. तिथे फोटो काढतात. आईंना पाठवायचा फोटो आहे तो, कुंकू लाव."

ह्यांनी स्वतःच करंड्यात बोट बुडवलं. हात थरथरत होता, म्हणून मी कपाळच बोटाजवळ नेलं. जरासं वाकडंच लागलं. तेवढ्यात केतकी आली. दिवसभर ती ह्यांच्याजवळ बसणार होती.

"वा मावशी! एकदम ब्राइड," ती म्हणाली. "बाबा, तू आता बोलू नको. मावशी, तू जा. बस मिस होईल."

"काही लागलं तर फोन कर हं मला."

"करीन. तू काळजी करू नको."

"येते हो," मी ह्यांना म्हटलं.

"ये. नागरिक होऊन ये."

कचेरी कोर्टाच्या इमारतीत होती. बाहेर रांग लागली होती. कुणी सूट घातलेला, कुणी झगमगीत झगा घालून, कडेवर पोरं, हातात छोटे झेंडे. मी इरकल नेसून त्यांच्यात उभी. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं, त्यातला म्हातारा शपथेचे शब्द पुटपुटत होता आणि म्हातारी त्याची टायची गाठ पुन्हा पुन्हा नीट करत होती. खरं सांगते, मला फार आनंद झाला होता. आज शपथ, उद्या आईचा अर्ज. आईने रेक्झिनची बॅग कधीच भरून ठेवली होती. शेजारणीकडून स्वेटर विणून घेतला होता, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून लोणच्याची बरणी कापडात शिवून ठेवली होती. दर फोनला एकच विचारायची, "झाला काय गो कागद?"

दारात पहारेकरी सगळ्यांचे फोन तबकात काढून घेत होता. माझा नंबर यायला दोन माणसं राहिली आणि फोन वाजला. केतकी.

"मावशी," ती रडत होती. "मावशी, बाबांना जास्त आहे. तू लगेच ये."

"केतकी—"

"मला आत बोलवतात. तू ये." आणि फोन बंद.

पुन्हा फोन लावून काय ऐकायचं होतं? जे सांगायचं ते तिने सांगितलं होतं, अगदी आपल्याकडे सांगतात तसं. इकडची पोरगी, पण वेळ आल्यावर रीत चुकली नाही, असंसुद्धा त्या क्षणी मनात येऊन गेलं. माणसाच्या मनात काय काय येतं!

"मॅडम, फोन," पहारेकरी म्हणाला.

खरं तर पायांनी मागे वळायला हवं होतं. वळले नाहीत. डोळ्यांपुढे ह्यांच्या खाटेऐवजी पडवी आली, आईची बॅग आली. मी स्वतःशी म्हटलं, कुंदा, ह्यांचं आता काही उणंअधिक होणार नाही. आता जाऊन रडायचं ते तासाभराने रड. इथे कुणाला ठाऊक आहे? कागदावर ‘नाही’ लिहिलेलंच आहे आणि ते लिहिलं तेव्हा खरं होतं. हे असते तर हेच म्हणाले असते. मी फोन तबकात टाकला आणि आत गेले.

आत गेल्यावर आधी बायकांच्या स्वच्छतागृहात गेले. आरशात पाहिलं तर कपाळावर ह्यांनी लावलेलं ते वाकडं कुंकू. ते मला बघवेना. ह्यांच्यामागे कुंकू लावून मिरवू? भिंतीवरचा कागद ओढला, पाण्यात भिजवला आणि पुसायला लागले. कोरडं कुंकू पाण्याने जातंय थोडंच? ते पसरत राहिलं. पुसत होते आणि रडत होते. बाहेरून नावं पुकारायला लागले तेव्हा तशीच गेले.

टेबलापलीकडे एक उंच, पिकल्या केसांचा अधिकारी बसला होता. आवाज मऊ होता. माझं पत्र उलटून त्याने प्रश्न वाचायला सुरुवात केली, आणि मध्येच वर पाहिलं.

"मॅडम, तुम्हाला लागलंय का?" तो म्हणाला. "कपाळावर रक्त आहे."

मी घोकून ठेवलेलं ‘नो’ इथे पुरणार नव्हतं. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, की ते रक्त नाही, ते माझ्या नवऱ्याने आज सकाळी आपल्या हाताने लावलेलं कुंकू आहे. आणि एवढं सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

"माझा नवरा वारला," मी म्हटलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "कधी?"

"आत्ता. मी रांगेत होते."

"तुम्हाला कुणी कळवलं?"

"मुलीने. फोनवर."

"नेमकं काय म्हणाली ती?"

"म्हणाली, जास्त आहे, लगेच ये." हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, तसंच त्याला कळलं असणार.

तो पुढे वाकला. "म्हणजे ते गेले, असं ती म्हणाली नाही?"

"आमच्यात तसं सांगत नाहीत."

मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली तरी त्याने घाई केली नाही. "असं करा," तो म्हणाला, "बाहेर जा, एक फोन लावा. मी तुमचं पत्र बाजूला ठेवतो. तुम्हाला सगळ्यात शेवटी घेईन."

परक्या देशातला परका माणूस माझ्यासाठी दार उघडं ठेवून बसला होता. पण फोन लावायचा म्हणजे ते ऐकायचं. आणि ऐकून पुन्हा इथे यायचं, तर खोटंच बोलायला यायचं. दोन्हीतलं एकही माझ्याने होणार नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "मला माहीत आहे."

"तुमची खात्री आहे?"

"आहे."

त्याने पत्रावर एक रेघ मारली, खाली काहीतरी लिहिलं. मग हळू आवाजात सांगितलं, की मला फार वाईट वाटतं, पण आता हा अर्ज पुढे जाऊ शकत नाही, रीतसर पत्र घरी येईल. माझं हिरवं कार्ड त्याने टेबलावरून परत माझ्याकडे सरकवलं. मी आभार मानले. कशाचे मानले, देव जाणे!

फोन परत घेताना आतल्या दालनातून सगळ्यांनी एका सुरात म्हटलेली शपथ ऐकू येत होती. त्यात मघाचा तो म्हाताराही असणार. फोनवर केतकीचा आणखी एक कॉल येऊन गेला होता. आता पुढची व्यवस्था, कुणाकुणाला कळवायचं, हेच असणार. मी लावला नाही. टॅक्सी केली.

वाटेभर एकच विचार करत होते, की केतकीला कसं सावरायचं. बिचारीची आई लहानपणी गेली, आता बापही. पोरीला पोटाशी धरायचं, आपण रडायचं नाही. इस्पितळाचा तो लांबच लांब व्हरांडा संपेपर्यंत मी मनाला हेच बजावत होते. ह्यांच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. तो बाजूला केला.

हे बसले होते.

उशांना टेकून बसले होते, तोंडावर श्वासाच्या यंत्राला जोडलेला मोठा मास्क, डोळे उघडे. मला पाहिल्याबरोबर भुवया वर गेल्या. एका हाताने त्यांनी तो मास्क जरा बाजूला केला.

"झालं?" ह्यांनी विचारलं.

मी खाटेचा कठडा धरला.

"अगं, झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

"मावशी! काँग्रॅट्स!" केतकीने मागून येऊन मला मिठीच मारली. "सॉरी, सॉरी, मी खूप घाबरले. बाबाचा श्वास एकदम बंद झाल्यासारखा झाला. सगळे डॉक्टर धावत आले, मला वाटलं आता… मग हे मशीन लावलं आणि बरं झालं. मी परत फोन केला, तू उचलला नाही. मला वाटलं, तू ओथ सोडून आलीस की काय!"

"नाही," मी म्हटलं. "फोन काढून घेतात तिथे."

"थँक गॉड."

"केतकी," मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच कुणा दुसरीचा वाटला. "जास्त आहे, असं म्हणायला तुला कुणी शिकवलं?"

"तूच ना!" ती म्हणाली. "तुझ्या अण्णांच्या वेळी. मी विचारलं, जास्त म्हणजे काय, तर तू म्हणालीस, तब्येत जास्त बिघडली. का? चूक आहे का?"

खरं होतं. विचारलं होतं पोरीने. मी फरशीवर बसून रडत होते, आणि तिला एवढं सगळं समजावत बसायचं त्राण नव्हतं, म्हणून शब्दाचा सरळ अर्थ सांगून टाकला होता.

"नाही गं," मी म्हटलं. "बरोबर आहे."

जिवंत नवऱ्याला मी माझ्या तोंडाने मेला म्हणून आले होते. सरकारी माणसाने खात्री आहे का विचारलं, तर आहे म्हणून आले होते. आणि तो नवरा माझ्यापुढे बसून माझ्या कपाळाकडे बघत होता.

"कुंकू कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"घामाने गेलं असेल."

"घाम? या थंडीत?" हे म्हणाले. "फोटो तसाच काढलास?"

केतकीच मदतीला धावली. करंडा तिला कुठे सापडेना, तर तिने आपल्या पर्समधून लाल लिपस्टिक काढली आणि माझ्या कपाळावर गोल टिकला काढला, अगदी मन लावून. "आता बघ, बाबा!"

"आता बरं दिसतं," हे म्हणाले. "आता आईंना फोन लाव."

"नंतर लावते. तुम्ही पडा आधी."

"आत्ता लाव. माझ्यासमोर. मला ऐकायचंय त्या काय म्हणतात ते. एवढी आज्ञा पाळली सरकारची, मला एवढंही नको?"

काय करणार होते मी? केतकीने तोवर नंबर लावून फोन ह्यांच्या मांडीवर ठेवलासुद्धा. राजापुरात रात्र झाली होती, आई जागीच होती. ही तारीख तिलाही पाठ होती.

"झाला काय गो कागद?" तिने नाव न विचारताच विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, सांग म्हणून.

"झाला, आई," मी म्हटलं.

पलीकडून आईच्या रडण्याचा आवाज आला, आणि रडता रडताच ती कुणाला तरी मोठ्याने सांगायला लागली, पडवीतून घरात ऐकू जाईल असं, "माझ्या कुंदेचा कागद झाला! मी जातंय आता!" तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात तिचा आवाज चढला असेल. हे ऐकत होते, डोळे मिटून, हसत. मी तोंडात पदर कोंबला. केतकीला वाटलं, आनंदाने रडते.

मी हिशेब करत होते, की आत्ता धावत परत गेले तर? त्या भल्या माणसाचे पाय धरले तर? पण शपथविधी केव्हाच आटोपला होता, पुढचा दोन आठवड्यांनी होता. आणि बाहेर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की यंत्राने थोडा वेळ मिळालाय, फार नाही, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. म्हणजे केतकी अगदी बरोबर बोलली होती. ह्यांना जास्तच होतं. तो शब्द जसा आहे तसा वापरणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला हे गेले. शेवटपर्यंत शुद्धीत होते. मध्येच एकदा म्हणाले, "बघ, हुकूम मोडला नाही मी." मी म्हटलं, "नाही मोडलात हो." तेवढं तरी मला धडपणे बोलता आलं.

केतकीला मी कधी सांगितलं नाही. कागदात चूक निघाली, शपथ रद्द धरली, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिला खरं कळलं असतं तर पोर आयुष्यभर तो एक फोन मनात घोळवत बसली असती. माझं एकटीचं झालं ते पुरे आहे.

आईलाही सांगितलं नाही. कागद झालाय पण सरकारी काम आहे, वेळ लागतो, असं म्हणत राहिले. ती म्हणायची, "लागू दे गो. झालाय ना, मग झालं." प्रभाकरची बायको काही टोचून बोलली तर आता उलट उत्तर द्यायला लागली होती, मी पाहुणी आहे तुमच्याकडे, म्हणायची. त्यामुळे तिचे जास्तच हाल झाले असं नंतर शेजारणीने सांगितलं. मला महिनाभर जाऊन राहून येता यायचं, त्यापलीकडे नाही. फार दिवस बाहेर राहिलं तर वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गेले की बॅग बाजेखालून ओढून मला दाखवायची. स्वेटरला कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला ठेवलेला असायचा. लोणचं तिने एकदा बदललं.

पाच वर्षं भरल्यावर मी पुन्हा अर्ज केला. झाले नागरिक. त्याच इमारतीत, त्याच दालनात हात वर करून शपथ घेतली. फोटो काढला नाही.

पण त्याच्या काही महिने आधीच प्रभाकरचा फोन आला होता. मी घरी एकटी होते, भाजी निवडत होते.

"कुंदा," तो म्हणाला, "काकूंना जास्त आहे. निघता येईल का बघ."

"जास्त म्हणजे?" मी विचारलं.

"जास्त म्हणजे… जास्तच आहे."

"प्रभाकर, खरंच जास्त आहे ना रे? श्वास चालू आहे ना? तिच्या कानाला फोन लाव. मला बोलायचंय तिच्याशी."

पलीकडे कुणीतरी बाजेखालून काहीतरी ओढत असल्याचा आवाज येत होता.

"तू नुसतं हो म्हण रे. बिघडलीय, एवढंच ना? जास्तच आहे ना?"

"निघ तू," तो म्हणाला.